चाळिशीनंतरचा नेम
चाळिशीच्या सुमारास नेत्रभिंगाची लवचीकता क्षीण होऊ लागली, म्हणजे धनुष्यावरची हातभर अंतरावरील नेमखूण आणि 70 मीटरवरचे लक्ष्य यांपैकी एकच काय ते स्पष्ट दिसते. अशा वेळी लक्ष्य स्पष्ट राखावे आणि ठिपक्याऐवजी पोकळ कडे वापरावे, कारण कडे धूसर असले तरी त्यात पिवळा मध्यबिंदू सहज केंद्रस्थानी राहतो. 2023 साली बर्लिनला विश्वविजेता ठरलेल्या नागपूरच्या ओजस देवतळे यांच्या, चाके जडविलेल्या कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात नियम उदार आहेत: तेथे विवर्धक भिंग चालते, शिवाय प्रत्यंचेतील सूक्ष्म छिद्र दोन्ही प्रतिमा अधिक रेखीव करते. चाके नसलेल्या रिकर्व्ह धनुष्याला भिंगाची मुभा नाही, चष्म्याची आहे; तेव्हा रिठद गावच्या एखाद्या प्रौढ धनुर्धराने नेत्रतज्ज्ञाला मानेचा कल मुद्दाम दाखवून, नाकाजवळच्या कोपऱ्यातूनही स्वच्छ दिसेल असा, दूरचे पाहण्याचा रुंद काचेचा चष्मा मागावा.