रक्तातील जमाखर्च

१९८८ साली माझी बदली एका बाजारपेठेच्या गावी झाली. शाखेसमोरच ज्यांची धान्याची आडत होती, ते एक शेठजी दर तीन आठवड्यांनी ठरावीक रक्कम काढावयास येत. व्यापाऱ्याची उचल सहसा हंगामाप्रमाणे कमीअधिक होते. या खात्यातील ही एक नोंद मात्र सुगी असो वा मंदी, चुकत नसे. एकदा मी सहज कारण विचारले. ते म्हणाले, "साहेब, आमच्या घरचा महिना एकवीस दिवसांचा आहे. नातवाला रक्त चढवावे लागते."

नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. आठ महिन्यांचा असताना तो पांढरा पडू लागला, पोट फुगू लागले आणि तपासणीअंती थॅलेसेमिया मेजर हे निदान झाले. मुलगा आणि सून दोघेही दिसावयास धडधाकट होते. दोन्ही घराण्यांत असा आजार कोणी ऐकलाही नव्हता. "आमच्या सात पिढ्यांत हे नाही," असे शेठजी वारंवार म्हणत. पुढे कळले, की ते सात पिढ्यांपासून असणेच अधिक संभवनीय होते. फक्त ते कोणाला दिसले नव्हते.

हे न दिसणे म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या लाल पेशींतील हिमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायू वाहून नेते. ते ज्या साखळ्यांनी बनते, त्यांपैकी बीटा साखळीचा एक जनुक आपल्याला आईकडून व एक वडिलांकडून मिळतो. एकच जनुक सदोष असेल तर दुसरा काम निभावून नेतो. अशा व्यक्तीला वाहक किंवा थॅलेसेमिया मायनर म्हणतात. तो आजारी नसतो, दुकान सांभाळतो, डोंगर चढतो, दीर्घायुषी होतो. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता पंचवीस टक्के, वाहक होण्याची पन्नास टक्के आणि पूर्ण निर्दोष होण्याची पंचवीस टक्के असते. 'प्रत्येक' या शब्दावर मी मुद्दाम भर देतो. पहिले मूल आजारी निघाले, म्हणजे पुढील तीन सुरक्षित, असा हिशेब अनेक सुशिक्षित घरांतही मांडला जातो. तो साफ चुकीचा आहे. निसर्ग मागील शिल्लक पुढे ओढत नाही.

१९२५ साली अमेरिकेतील डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी या आजाराचे पहिले स्पष्ट वर्णन केले. थॅलेसेमिया हे नाव मागाहून, १९३२ मध्ये रूढ झाले; त्यातील ग्रीक 'थलासा' म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचा हा आजार, अशी तेव्हा समजूत होती. भारतात सरासरी तीन ते चार टक्के लोक वाहक आहेत आणि दरवर्षी सुमारे दहा ते बारा हजार बालके मेजर स्वरूपाचा आजार घेऊन जन्मास येतात, असे शासकीय अंदाज सांगतात. सिंधी, पंजाबी, गुजराती, कच्छी, लोहाणा अशा समाजांत हे प्रमाण सरासरीहून अधिक आढळते. आपल्यापैकी अनेकांची मुळे गुजरात, कच्छ, मारवाडकडे जातात आणि आपले विवाहसंबंध बहुधा ठरावीक वर्तुळातच होतात. दोन वाहक एकत्र येण्याचा संभव अशा वर्तुळात वाढतो. यात कोणाला उणेपणा नाही. हे केवळ गणित आहे.

'रक्तपेढी' या शब्दाविषयी येथे थोडे विषयांतर करतो. १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठविण्याची व्यवस्था उभारली आणि ठेव ठेवणे व काढणे यांवरून तिला 'ब्लड बँक' असे नाव दिले. आपण मराठीत त्याला पेढी म्हटले, हे मला फार आवडते. परंतु या पेढीची अडचण अशी, की येथे दीर्घ मुदतीची ठेव ठेवताच येत नाही. आधुनिक द्रावणात शीत तापमानाला ठेवलेल्या लाल पेशीही फार तर बेचाळीस दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. आपली मंडळे जन्मकल्याणकाला एकाच दिवशी मोठी शिबिरे भरवितात आणि मे महिन्याच्या सुटीत किंवा दिवाळीत त्याच पेढ्यांत खडखडाट असतो. एकवीस दिवसांनी रक्त लागणाऱ्या मुलाला आपल्या उत्सवांचे वेळापत्रक कसे चालावे? एका मोठ्या शिबिराची चार लहान शिबिरे केली, तर खर्च फारसा वाढणार नाही.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. रक्त चढविले, की मूल टवटवीत होते. पण प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जमा होते. निरोगी माणूस अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह घेतो आणि तितकेच गमावतो. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. हे असे खाते आहे, ज्यात जमा आहे पण नावे नाही. वर्षाला वीस पिशव्या धरल्या तरी चार हजार मिलिग्रॅम होतात; प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात एरवी साधारण एवढेच लोह असते. हा साठा यकृतात, ग्रंथींत आणि अखेरीस हृदयात बसतो. थॅलेसेमियाची मुले पूर्वी रक्ताअभावी जात. रक्त मिळू लागल्यावर ती लोहामुळे जाऊ लागली.

त्या काळी लोह काढण्याचा एकच खात्रीचा उपाय होता. डेस्फेरिऑक्झामिन हे औषध लहान पंपाने पोटाच्या कातडीखाली रात्रभर, आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागे. शेठजींची सून रोज रात्री सुई लावीत असे. खर्च मोठा आणि मुलाचा आक्रोश त्याहून मोठा. काही रात्री सुई टळत असे. पुढे डेफेरिप्रोन ही तोंडाने घ्यावयाची गोळी आली. तिला १९९० च्या दशकात जगात सर्वप्रथम विक्रीचा परवाना मिळाला तो भारतात, मुंबईच्या सिप्ला कंपनीला. ती बाजारात आली तेव्हा त्या मुलाचे हृदय थकले होते. १९९६ साली, चौदाव्या वर्षी तो गेला. दर तीन आठवड्यांची ती उचल त्यानंतर खात्यावर दिसली नाही. दिवंगत खातेदारांच्या नोंदी मी शेकडो केल्या; परंतु न झालेली एखादी नोंद इतकी जड असू शकते, हे मला तेव्हा कळले.

२००५ मध्ये अमेरिकेत डेफेरासिरॉक्स ही दिवसातून एकदा घ्यावयाची गोळी मान्य झाली. नियमित रक्त आणि नियमित लोहनिःसारण मिळालेले रुग्ण आज शिकतात, नोकरी-व्यवसाय करतात, संसार करतात. २०१९ मध्ये मान्यता मिळालेले लुस्पॅटरसेप्ट हे इंजेक्शन लाल पेशी पक्व होण्यास साहाय्य करते. चाचणीत सुमारे एकवीस टक्के रुग्णांची रक्ताची गरज एक तृतीयांश किंवा अधिक घटली. नुसते निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण साडेचार टक्के होते. म्हणजे उपयोग निश्चित आहे, पण पाचांतील एकाला. वृत्तपत्रातील 'क्रांतिकारी' हा शब्द वाचताना असे आकडे शोधण्याची सवय वाचकांनी लावून घ्यावी.

मुळापासून उपचाराचा जुना मार्ग अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ पासून थॅलेसेमियासाठी ते होत आहे. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर यशाची आशा उत्तम; मात्र प्रत्येक भावंडाशी जुळण्याची शक्यता चारांत एक. यासाठी कोल इंडियाच्या 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'तून दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, हे गरजू कुटुंबांना अवश्य सांगावे.

नवा मार्ग मात्र खरोखर थक्क करणारा आहे. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि त्यात बीटा साखळीची गरज नसते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ही जुनी वही बंद करून नवी उघडते; थॅलेसेमियाच्या बाळाची नवी वहीच सदोष असते. मग जुनी वही पुन्हा उघडता येईल काय? ती बंद ठेवणारा कारकून, म्हणजे बीसीएल-११-ए हा जनुक, २००८ साली हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन व विजय शंकरन यांच्या गटाने ओळखला. पुढे जनुकीय कात्री हाती आली, जिच्यासाठी २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून, त्यांतील या कारकुनाचे काम थांबवून, त्या परत दिल्या जातात. 'कॅसजेव्ही' नावाच्या या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जगात प्रथम मान्यता दिली. थॅलेसेमियासाठी अमेरिकेने जानेवारी २०२४ मध्ये. पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या पस्तीस रुग्णांपैकी बत्तीस जण सलग वर्षभर रक्ताविना राहिले.

यातील दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी तीव्र रसायनोपचार घ्यावे लागतात, ज्यांमुळे अपत्यक्षमता बाधित होऊ शकते. आणि अमेरिकेतील जाहीर किंमत आहे बावीस लाख डॉलर, तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांहून अधिक. आपल्याकडे आशेला जागा आहे: वेल्लोरच्या संशोधकांनी हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचे उत्तम निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वस्त उपचार देशातच घडतील, अशी माझी श्रद्धा आहे. पण आज ज्यांची लग्ने ठरत आहेत, त्यांना थांबून राहता येणार नाही.

अठरा कोटींच्या समोर दुसऱ्या रकान्यात लिहावयाची रक्कम सुमारे हजार रुपये किंवा त्याहूनही कमी आहे. एचबीए-टू नावाच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मोजणारी ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा पुरते. साध्या रक्तगणनेत लाल पेशी संख्येने भरपूर पण आकाराने लहान दिसल्या, तर संशय घ्यावा. आपल्या शाकाहारी घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असली, की पेशींचा आकार वाढून हा संशय झाकला जातो, लोहाची कमतरता असली, तर एचबीए-टूचा आकडा कमी येऊ शकतो. म्हणून अहवाल डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा. उलटपक्षी, कित्येक वाहक मुली 'अशक्तपणा'साठी वर्षानुवर्षे निष्कारण लोहाच्या गोळ्या घेत राहतात.

गर्भधारणेनंतर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणीही करता येते. परंतु तिचा निष्कर्ष प्रतिकूल आला, तर अहिंसा मानणाऱ्या दांपत्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो मी कोणाच्या वाट्याला येऊ नये असे म्हणेन. विवाहापूर्वीची तपासणी त्या प्रश्नाच्या कितीतरी अलीकडे उभी असते.

सायप्रस बेटावर साधारण सातांत एक माणूस वाहक आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास सुरुवात केली. त्या दाखल्यावर निकाल लिहिलेला नसतो. तपासणी व समुपदेशन झाले, एवढेच असते. विवाहास मनाई नाही. बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्ने केलीच, पण डोळे उघडे ठेवून; आणि आजारी बालकांचे जन्म जवळजवळ थांबले.

आपल्या परिचय मेळाव्यांच्या बायोडाट्यात रक्तगटाचा रकाना असतो. त्यातून थॅलेसेमियाविषयी काहीही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या समितीत मी थॅलेसेमियाचा रकाना सुचविला. एक ज्येष्ठ बंधू संतापले: "म्हणजे मुलीला बोल लावायला आणखी एक निमित्त!" मला प्रथम राग आला; रात्री विचार करता पटले, की त्यांची भीती निराधार नव्हती. वाहक मुलगा आणि वाहक मुलगी यांत विज्ञान भेद करीत नाही, समाज करतो. अखेर रकाना आम्ही सोडून दिला. त्याऐवजी मेळाव्याच्या सकाळी तपासणीचे टेबल ठेवले. अहवाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्याच हाती. समितीलाही निकाल कळणार नाही, असे ठरले.

पहिला तासभर टेबलापाशी कोणी फिरकले नाही. मग त्याच ज्येष्ठ बंधूंची नात आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली व तिने बाही वर केली. दुपारच्या भोजनाची घंटा झाली तरी रांग संपली नव्हती. आजोबा रांगेच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारीत होते, "तू दिलेस का रे?"