पलटणीतून परतलेला कर्ता

सातारा जिल्ह्यात शेतकरी, माजी सैनिक आणि घरचा कर्ता या तिन्ही भूमिका एकाच माणसाने निभावलेली घरे शोधावी लागत नाहीत. अपशिंगे या गावाच्या तर नावापुढेच 'मिलिटरी' लागते. पहिल्या महायुद्धात या गावचे 46 जवान कामी आले आणि इंग्रज सरकारने त्यांचे स्मारक बांधले. गावाविषयी कोणीही लिहो वा बोलो, 46 हा आकडा येतोच. लढाईतून धडधाकट परतून पुढे पन्नास वर्षे शेती केलेल्यांचा, म्हातारपणी अंथरुणावर गेलेल्यांचा आकडा मात्र कोणी सांगत नाही. त्यांची आठवण राखण्याचे काम घरच्यांवर पडते, आणि त्यातले बरेचसे कचेऱ्यांमध्ये पार पडते.

फौजेत जाण्याचे कारण बहुतेक वेळा जमिनीतच असते. माण-खटावकडे पाऊस कमी, दोन-तीन एकर कोरडवाहू रान आणि खाणारे भाऊ चार. ज्वारी-बाजरी घर जगवते, पण घर वाढवत नाही. म्हणून एक भाऊ भरतीला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावला आहे. हा रस्ता जुनाच. पहिल्या महायुद्धात इराकमधील कुत येथे वेढ्यात सापडलेल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेलेल्या फौजेत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या.

नोकरीच्या काळात जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा मिळते. ती पेरणीला घ्यायची, सुगीला, की बहिणीच्या लग्नाला, हा हिशोब घरी आधीच मांडलेला असतो. उरलेले दहा महिने रान बायकोच्या हाती. वाटेकरी बघणे, बी-बियाणे आणणे, सोसायटीचे कर्ज फेडणे, रात्रीच्या विजेवर पाणी धरणे, सासऱ्याचे बोलणे ऐकणे, सगळे तिच्याकडे. पुढे घरात 'मेजरनी शेती उभी केली' असे बोलले जाते. मेजर त्या वेळी सीमेवर होते, ही गोष्ट बोलणाऱ्यांना ठाऊक असते, तरी वाक्य बदलत नाही.

शिपायाला पेन्शन लागू होण्यासाठी 15 वर्षांची नोकरी पुरेशी असते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी गेलेला माणूस त्यामुळे पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. या वयात शेतकऱ्याच्या मुलाला बाजाराच्या पैशांसाठीही बापापुढे उभे राहावे लागते. परतलेल्या फौजीचे पैसे मात्र दर महिन्याला बँकेत जमा होतात, पाऊस पडो न पडो. घरातली सूत्रे इथेच हलतात. ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम एकदम हातात येते, त्यातून विहीर खोल होते, पाइपलाइन येते, मोटार बसते. कोणी साखर कारखान्यावर किंवा बँकेच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून दुसरी नोकरी धरतो. हवालदार म्हणून निवृत्त झालेला असला तरी गावाला तो 'मेजर'च. भावाची पोरे त्याच्या धाकाने पहाटे पळायला जातात, भाऊबंदकीची भांडणे त्याच्या ओसरीवर येतात. हा दरारा शौर्याचा मानला जातो. खरे तर त्याचा बराचसा भाग एक तारखेचा आहे.

अशा घरात एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे पत्र्याची काळी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. नंबर ठसठशीत असतो. नावातली दोन-तीन अक्षरे रेल्वेच्या प्रवासात घासून गेलेली. झाकण उघडले की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. आत घडी घातलेली घोंगडी, बिल्ल्यांची पट्टी, पलटणीतला रांगेत उभा असलेला फोटो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक. कर्ता हयात असेपर्यंत किल्ली त्याच्या करगोट्याला. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी ट्रंक निघते, एरवी सहसा नाही.

तो गेल्यावर माजी सैनिक संघटनेचे लोक पुष्पचक्र वाहतात. सावडणे, दहावा, तेरावा रीतीप्रमाणे उरकतात. मग ट्रंक पुन्हा उघडते, आणि या वेळी किल्ली बायकोच्या हातात असते. फॅमिली पेन्शन साधारणतः शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. निवृत्त सैनिक लवकर गेला तर सात वर्षे, किंवा तो 67 वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांतले जे आधी असेल तोवर वाढीव दराने. नियम सरळ आहे, अडते ते नावापाशी. फौजेच्या रेकॉर्डमध्ये लग्नाच्या वेळी सांगितलेले नाव, आधार कार्डावर वेगळे, जन्मतारीख तिसरीच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसला पत्र. ज्या बाईने दहा-दहा महिने रान एकटीने राखले, तिला आपण त्याचीच बायको असल्याचे सिद्ध करावे लागते.

सातबारावर वारस नोंदवायचे काम तलाठ्याकडे. अर्ज, गाव नमुना 6-क, फेरफार, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलांइतका हक्क दिला. तरीही 'आबांच्या आठवणीसाठी रान एकत्र राहू दे' असे सांगून बहिणींकडून हक्कसोड पत्र करून घेतले जाते. आबांचे नाव इथे कामाला लावले जाते, दुसरे काही नाही.

भरतीसाठी गावची पोरे आजही पहाटे पळतात. 2022 पासून मात्र ही भरती अग्निपथ योजनेतून होते. नोकरी चार वर्षांची, त्यांतले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम होणार. बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते; पेन्शन नाही.