बॅटरी मरते मे महिन्यात, कळते डिसेंबरात

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातल्या एका मोसंबी बागायतदाराचा हा प्रश्न.

त्यांच्या डिझेल गाडीची बॅटरी डिसेंबरात बसली. दुकानदाराने दोन बॅटऱ्या पुढे केल्या. दोन्ही ६५ अँपिअर-तासांच्या, पण एकीवरचा सीसीएचा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवण्याच्या ताकदीचा, आकडा मोठा आणि किंमतही जास्त. ‘थंडीत सेल्फ घ्यायला हवा ना, मग हीच न्या,’ असा सल्ला मिळाला. न्यावी का?

सीसीए मोजण्याची रीत पाहिली की उत्तर निम्मे सापडते. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी उणे १८ अंश सेल्सिअसला थंड करतात आणि व्होल्टेज ७.२च्या खाली न जाता ती ३० सेकंद किती अँपिअर देते, ते पाहतात. कॅनडातल्या गाडीवाल्याने या आकड्यावर जीव टाकावा. जालन्यात ऐन थंडीतही पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास असतो.

तरी डिझेलला हा आकडा अगदीच बिनकामाचा नाही. या इंजिनात ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पट दाबून ती इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावे. तेवढा दाब ओढणारा स्टार्टर आणि त्याआधी तापणारे हीटर प्लग, दोघेही बॅटरीवरच जगतात. म्हणून कंपनीने सांगितलेल्या आकड्याखाली उतरू नये. त्याच्या वर मात्र जालन्यात पैसे मोजण्याची गरज नाही.

ते पैसे वाचवून ताजी बॅटरी घ्यावी, कारण इथे बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा आहे. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. पाणी उडते, धन प्लेटची शिशाची जाळी गंजत जाते. पण उन्हाळ्यात ऑइल पातळ, इंजिन सहज फिरते, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. डिसेंबरात ऑइल घट्ट होते, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि सहा महिन्यांपूर्वीचे दुखणे एका पहाटे उघडे पडते. दोष मात्र थंडीला लागतो!

हाच उन्हाळा दुकानातल्या मालालाही लागतो. पत्र्याखाली महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते आणि प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो. म्हणून निर्मितीची तारीख विचारावी आणि मल्टीमीटर लावायला सांगावे. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडे वर दिसले तर उत्तम. १२.४ म्हणजे पाव चार्ज गेलेला. ती परत ठेवायला लावावी. यात संकोच कसला?

मापातही तडजोड नको. एकाच मॉडेलच्या पेट्रोल गाडीला ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पुरते, तिथे डिझेलला जवळजवळ दुप्पट लागते. लहान बॅटरी फळकुट लावून बसवणारे भेटतात. त्यांना नाही म्हणावे. बॅटरीवर ५५डी२६ असे काही छापले असेल, तर त्यातले २६ म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी. शेवटी एल आहे की आर, तेही जुन्या बॅटरीशी ताडून पाहावे. टर्मिनल उलट्या बाजूला आले तर केबल पोचत नाही, आणि ती ओढूनताणून जोडणे धोक्याचे.

राहिला बागायतदारांच्या गाडीचा प्रश्न. ती दिवसभर शेत ते गाव अशी दोन-तीन किलोमीटर पळते, पुन्हा बंद, पुन्हा सेल्फ. एवढ्यात बॅटरी भरून निघत नाही. त्यांनी स्वस्त बॅटरी ताजी असेल आणि तिचा सीसीए कंपनीच्या आकड्याइतका भरत असेल, तर तीच घ्यावी. आठवड्यातून एकदा तरी गाडी जालन्यापर्यंत नेऊन आणावी. नवी बॅटरी बसवण्याआधी डायनामोही तपासावा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर नवी बॅटरीही उतरेल, जास्त आले तर उकळून मरेल.