हीटर म्हणजे चैन नव्हे!

कोल्हापूरच्या उन्हात गाडीला हीटर कशाला हवा, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. हीटर गळायला लागला की दोन नळ्या एकमेकींना जोडायच्या आणि हीटर कायमचा बंद करून टाकायचा, हा त्यावरचा सोपा उपाय. पैसे वाचतात, गिऱ्हाईकही खूश. परंतु जुलै महिन्यात हीच गाडी गगनबावडा, आंबा किंवा फोंडा घाटात धुक्यात आणि पावसात शिरते, तेव्हा या उपायाची खरी किंमत कळते. आतल्या माणसांच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर साचते आणि पुढचा रस्ता दिसेनासा होतो. बाहेरच्या पाण्यासाठी ड्रायव्हर काचेवर तंबाखू चोळतात. पण आतल्या धुरकटपणाला गरम, कोरडी हवाच लागते. एसी असेल तर तोही हवा कोरडी करतो. जुन्या गाडीला मात्र हीटरचाच आधार असतो.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ही शाहूपुरी पेठ. स्टेशन आणि एस.टी. स्टँड दोन्ही जवळ. इथून जवळच असलेल्या उद्यमनगरात आपल्या वस्त्यांतली कित्येक मुले हाताला काळे लावून घर चालवतात. कधी त्यांच्यापुढे मारुती ८०० येते, कधी एखाद्या हौशी माणसाची जुनी स्पोर्ट्स गाडी. आपल्या शेजारच्या गोव्यातही १९९८ च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची, फायबरच्या बॉडीची स्पोर्ट्स गाडी तयार झाली. तिला ११४९ सीसीचे रेनॉ इंजिन होते. अशा गाड्या थोड्याच बनल्या, त्यामुळे सुटे भाग सहज मिळत नाहीत. तिथे भाग बदलण्यापेक्षा बिघाड ओळखणाऱ्या मिस्त्रीलाच खरा मान. आणि कापडी टप जुने झाले की ओल आत येते, काच लवकर धुरकट होते. म्हणून या गाडीला हीटर अधिकच हवा.

हीटरचे तंत्र साधे आहे. इंजिनातील गरम पाणी एका नळीने डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये येते व दुसऱ्या नळीने परत जाते. ब्लोअरचा पंखा त्यावरून हवा फेकतो. म्हणजे दोन बाजू : पाण्याची आणि हवेची. बिघाड कोणत्या बाजूला, एवढे आधी ठरवा.

इंजिन गरम होऊ द्या, दांडा 'गरम'वर ठेवा, मग इंजिन बंद करून दोन्ही नळ्यांना जाड कापडातून सावधपणे हात लावा. रेडिएटरचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून त्याच्यापासून हात लांब ठेवावा. दोन्ही नळ्या गरम असतील तर पाणी येते आहे. दोष हवेच्या झडपेत किंवा ब्लोअरमध्ये शोधावा. एक गरम, दुसरी गार असेल तर व्हॉल्व्ह बंद आहे, त्याची केबल निसटली आहे, किंवा आतला रेडिएटर गंज आणि क्षाराने चोंदला आहे. दोन्ही कोमट असतील तर पाणी कमी आहे, नळीत हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिला आहे.

पायाखालचा गालिचा ओला, गोडसर वास, काचेच्या आतून तेलकट थर आणि पाण्याची पातळी रोज खाली, ही हीटर गळण्याची चिन्हे. आपल्याकडे बोअरचे जड पाणी भरण्याची सवय आहे; त्याने आत क्षार बसतो. शुद्ध पाण्यात कूलंट मिसळूनच भरावे. कूलंट गोड लागते, पण ते विष आहे. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी उसळून तोंड भाजते.

आता आवाजाचे. चावी लावा, इंजिन चालू करू नका आणि नुसता ब्लोअर फिरवा. आवाज आला तर दोष ब्लोअरमध्येच. तो इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत असेल तर फॅन बेल्ट, वॉटर पंपाचे बेअरिंग तपासावे. ब्लोअरमधला खडखडाट बहुधा आत पडलेल्या पानाचा, काडीचा किंवा उंदराच्या घरट्याचा. काढून साफ केले की थांबतो. 'चिवचिव' म्हणजे बुश कोरडा. घरघर आणि थरथर म्हणजे बुश झिजला किंवा पाते तुटले. पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर बहुधा रेझिस्टर जळलेला असतो. पूर्ण मोटर बदलायची गरज नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालणे हा मात्र आगीला आमंत्रण देणारा उद्योग आहे. आधी तो का उडतो ते शोधा.

पंख्यातून धुराचा वास येत असेल तर तो हीटरचा प्रश्न नव्हे. सायलेन्सरची गळती असू शकते. त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. काचा उघडा, गाडी मिस्त्रीकडे न्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका, झोपणे तर दूरच.

जुनी गाडी घेणाऱ्या कुटुंबांनी पावसाळ्यापूर्वी एवढे तपासून घ्यावे. काम करून घेताना काढलेला जुना भाग परत मागावा आणि बिल घ्यावे. आणि तरुण मिस्त्रींनो, 'जोडून टाकू नळ्या' असे म्हणण्याआधी गिऱ्हाईकाला हे समजावून सांगा. जोडल्याच, तर तात्पुरत्या आहेत हे स्पष्ट सांगा. प्रत्येक बिघाडाला कारण असते आणि ते शोधणारा हात कधी रिकामा राहत नाही. घाटातून एखादे कुटुंब सुखरूप घरी येते, त्यात आपल्या अशा एका प्रामाणिक हाताचाही वाटा असतो.