सीताफळाचे वेष्टन आणि फळाचा पाक

बुलढाणा जिल्ह्यातील अजिंठा डोंगररांगेत शरद ऋतूत सीताफळ मुबलक येते. परंतु तोडल्यावर ते दोन-चार दिवसांतच पिकून मऊ पडते. ते टिकविण्यासाठी वापरले जाणारे वेष्टन नेमके काय करते, हे रुग्णांना ऋतुफळे सुचविणाऱ्या आम्हा वैद्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

तोडलेले फळही श्वसन करीत असते. ते प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि पाक घडविणारा इथिलीन वायू स्वतःच निर्माण करते. बारीक छिद्रांच्या पॉलिथीन वेष्टनात प्राणवायू घटतो व कार्बन डायऑक्साइड वाढतो. परिणामी श्वसन मंदावून पाक लांबतो. पोटॅशियम परमँगनेटची पुडी इथिलीन नष्ट करते. मात्र तिचा फळास स्पर्श होऊ नये. वेष्टन पूर्ण हवाबंद केल्यास फळ आंबते. फ्रीजच्या अतिथंडीने कच्च्या सीताफळाची साल काळवंडते व ते नीट पिकत नाही.

सुश्रुतसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात किडलेले, अकाली आलेले, अपक्व व पाकातीत फळ वर्ज्य सांगितले आहे. वेष्टन केवळ पाक लांबविते. कोवळ्या तोडलेल्या फळात ते गुण आणीत नाही, पाकातीत फळास पूर्ववत करीत नाही. सबब डोळे रुंदावून त्यांमधील भाग पिवळसर-पांढरा झाल्यावरच तोड व्हावी. रुग्णांनी वेष्टनाच्या चकाकीपेक्षा फळाचा वर्ण, गंध व स्पर्श पारखावा, असे वैद्यबंधू-भगिनींनी आवर्जून सांगावे, ही विनंती.