मलमानं घात होत नाही, उशिरानं होतो

शिंग्रिक्स ही लस २०२३ मध्ये भारतात आली आणि नागिणीच्या जाहिराती घरोघर पोचल्या. पन्नाशीपुढची मंडळी लशीची चौकशी करू लागली, हे उत्तमच. पण नागीण उठलीच तर मेडिकलमधून असायक्लोव्हिरचं मलम आणून थापायचं, ही सवय काही सुटत नाही. आणि मग धाकधूक: जास्त लागलं तर? नातवानं ट्यूब चाटली तर?

हिशेब सोपा आहे. मलम ५ टक्क्यांचं, म्हणजे एका ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम औषध. ५ ग्रॅमची अख्खी ट्यूब पोटात गेली तरी २५० मिलिग्रॅम. नागिणीसाठी मोठ्या माणसाला देतात ती गोळी ८०० मिलिग्रॅमची, तीही दिवसातून पाचदा! त्वचेतून तर औषध रक्तात नावालाच उतरतं. अति थापलं तर जळजळ होते, त्वचा कोरडी पडते, सालं निघतात. डोळ्यात मात्र हे मलम जाता कामा नये; डोळ्यांसाठीचं वेगळं मिळतं.

या निर्धोकपणाचं मोठं श्रेय औषधशास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन यांचं. पीएचडी नसलेल्या या बाईंनी उमेदवारीच्या काळात एका किराणा कंपनीसाठी लोणच्याचा आंबटपणाही तपासला होता. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. असायक्लोव्हिर काम कसं करतं, हे त्यांच्या चमूनं उलगडलं. हे औषध शरीरात शिरतं तेव्हा निष्क्रिय असतं. त्याला जागं करतं ते नागिणीच्या विषाणूचंच एन्झाइम. चोरानंच आपल्या बेडीची किल्ली फिरवावी, तसं. निरोगी पेशींना त्यामुळे फारसा धक्का लागत नाही.

गोळ्यांचं मात्र तसं नाही. मूत्रपिंड अधू असेल तर औषध अंगात साचतं, माणूस भ्रमिष्टासारखा बरळू लागतो. तिथे ‘लवकर बरं वाटावं’ म्हणून मनानं डोस वाढवणं महागात पडतं.

नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो, ही निव्वळ भाकडकथा. खरी धास्ती बाळगावी ती पुरळ गेल्यावरही महिनोन्महिने ठणकणाऱ्या नसांची, आणि पुरळ कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर डोळ्याची. गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. नागिणीवर मलम हा उपचारच नव्हे. ते चोपडत बसण्यात हेच तास वाया जातात, आणि काउंटरवरून मुकाट्यानं ट्यूब पुढे सरकवणारा दुकानदारही त्यात वाटेकरी असतो.