धंदा बुडतोय हे कळूनही ओढत राहिलात तर?



"तोटा आहे, पण अजून सहा महिने ओढू. काहीतरी होईल." हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. अमेरिकेतल्या एका खटल्यात जवळपास हाच विचार कोर्टात बचाव म्हणून मांडला गेला होता.

काय घडलं?

इलिनॉय राज्यातली 'रिझर्व्ह इन्शुरन्स' ही विमा कंपनी दिवाळखोर झाली. तिथे अशा वेळी राज्याचा विमा खात्याचा प्रमुख रिसीव्हर म्हणून कंपनीचा ताबा घेतो आणि पॉलिसीधारकांची देणी भागवायला पैसा गोळा करतो. त्याने कंपनीचे अधिकारी, डायरेक्टर आणि ऑडिटर यांच्यावर दावा लावला. आरोप असा, की कंपनी आतून बुडालेली असताना ते लपवून धंदा चालू ठेवला आणि फायद्याचं काम बाहेर काढून नेलं.

प्रतिवादी म्हणाले, "त्यामुळे कंपनी जास्त दिवस जगली ना? मग नुकसान कसलं?"

अपिलात काय ठरलं?

१९८३ मध्ये शिकागोच्या संघीय अपील कोर्टाने 'शॅक्ट विरुद्ध ब्राऊन' या निकालात हा मुद्दा फेटाळला. कंपनीचं आयुष्य वाढलं म्हणजे फायदा झाला असं नाही. त्या काळात देण्याचा खड्डा खोल झाला, तर ते कंपनीचं नुकसानच. दोषी कोण हे अपिलात ठरलं नाही. दावा पुढे चालू शकतो, एवढंच ठरलं.

आपल्याशी काय संबंध?

समजा, तुमचं देणं १२ लाख आहे. माल आणि येणी मिळून ९ लाख. म्हणजे खड्डा ३ लाखांचा. दरमहा ४० हजार तोटा उधारीवर भागवला, तर सहा महिन्यांत तो ५ लाख ४० हजारांचा होतो. हे जादा पैसे कोणाचे? तुमच्या सप्लायरचे!

प्रोप्रायटर असाल तर हे देणं थेट तुमच्या अंगावर येतं. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असली तरी निर्धास्त राहू नका. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम ६६ आहे. दिवाळखोरी टळणार नाही हे माहीत असूनही, किंवा माहीत असायला हवं असताना, देणेकऱ्यांचं नुकसान कमी करायची काळजी घेतली नाही, तर डायरेक्टरला खिशातून पैसे भरायला लावता येतात.

म्हणून दर महिन्याला तीन गोष्टी करा:

१. एकूण देणं आणि खरोखर वसूल होईल तेवढंच येणं समोरासमोर लिहा.
२. खड्डा सलग तीन महिने वाढला, तर नवी उधारी थांबवा आणि सीएला भेटा.
३. सप्लायरपासून लपवू नका. वेळेत सांगितलं तर हप्ते ठरतात.

धंदा बंद करणं म्हणजे हरणं नव्हे. वेळेत थांबलेल्याला बाजार पुन्हा उधारी देतो. आज रात्रीच वही काढा आणि पहिला आकडा लिहा!